‘ते दिलेलंच असतं’

जानेवारीत आम्ही ऑकलंडहून ठाण्याला आलो, तेव्हा भाच्याची दहावीची सराव परीक्षा तोंडावर आली होती. नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो सांख्यिकीचे प्रकरण सोडवत होता आणि माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती. कामगारांच्या रोजच्या वेतनाची वर्गीकृत वारंवारता सारणी दिली होती आणि गृहीतमध्य पद्धतीने मध्य, म्हणजे सरासरी, काढायचा होता. त्याने तो न अडखळता, रेघा आखून, सुवाच्य अक्षरात काढला. उत्तराखाली दुहेरी रेघ पडल्यावर मुलीने त्याला विचारले, “हे कामगार कुठले? ही माहिती कुणी गोळा केली?” तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “ते दिलेलंच असतं.”

ऑकलंडला परतून मला आता तीन आठवडे झाले, तरी हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही, कारण माझ्या संख्याशास्त्राच्या साऱ्या शिक्षणाचे वर्णन त्यात आले आहे. मी ठाण्यातच बी.एस्सी. केले. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाची सुरुवात ‘पुढील सामग्रीसाठी’ या शब्दांनी होत असे. ती सामग्री कोणाची, कोणत्या कारणासाठी गोळा केलेली, त्यातून कोण सुटले, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही. तो प्रश्न मला पहिल्यांदा गेल्या वर्षी विचारला गेला, आणि तोही मुलीच्या गृहपाठाच्या वहीत.

न्यूझीलंडमध्ये २००३ पासून दर दोन वर्षांनी शाळकरी मुलांची एक ऐच्छिक पाहणी होते. तिचे नाव ‘सेन्सस अ‍ॅट स्कूल’ असून ऑकलंड विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ती चालवतो. मुले स्वतःची उंची मोजतात, दप्तराचे वजन करतात, शाळेत कसे येतात ते नोंदवतात, आणि पुढे त्याच नोंदींतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, नमुने काढून वर्गात अभ्यास करतात. मुलीला तीस मुलगे आणि तीस मुली यांच्या दप्तरांच्या वजनांची तुलना करायची होती. मी मायेपोटी शेजारी बसले आणि तिच्याकडून दोन्ही गटांचा मध्य व प्रमाण विचलन (नोंदी मध्यापासून किती विखुरल्या आहेत त्याचे माप) दोन दशांश स्थळांपर्यंत काढून घेतले. वही परत आली तेव्हा शिक्षिकेने लिहिले होते की आकडेमोड बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य कोणाबद्दल आहे, या साठ जणांबद्दल की देशातल्या सर्व मुलामुलींबद्दल?

त्या एका ओळीबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. नमुना हाताशी असताना संपूर्ण समष्टीबद्दल, म्हणजे तो ज्यांतून काढला त्या सर्वांबद्दल, बोलण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळतो, हा या शास्त्राचा गाभा आहे. आणि आपण तो पदवीच्या वर्गापर्यंत पुढे ढकलतो, तिथेही तक्त्यात पाहायच्या एका अंकाच्या रूपात. इथे पंधरा वर्षांच्या मुलांना तो फूटपट्टीने शिकवतात. दोन्ही गटांचे बॉक्स प्लॉट, म्हणजे मधल्या अर्ध्या नोंदी पेटीने दाखवणाऱ्या आकृत्या, एकाच अक्षावर काढायचे आणि दोन मध्यकांतले, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या नोंदींतले, अंतर मोजायचे. मग दोन्ही पेट्या मिळून डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत किती जागा व्यापतात, ते मोजायचे. प्रत्येक गटात सुमारे तीस जण असतील, तर मध्यकांतले अंतर त्या एकूण पसाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असल्यासच ‘समष्टीतही असाच फरक असावा’ असे म्हणता येते. शंभर जण असतील, तर एक पंचमांश पुरतो. नमुना मोठा झाला की लहान फरकावरही विश्वास ठेवता येतो, ही गोष्ट जी मुलगी स्वतः फूटपट्टी धरून शिकते, तिला पुढे विद्यापीठात, दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा तर नाही ना हे तपासणारी सार्थकता कसोटी परकी वाटत नाही. मला ती कायम परकीच वाटली, आणि तरीही परीक्षेत मला तिचे पूर्ण गुण मिळत गेले.

हा नियम ढोबळ आहे आणि तो कायमचा नाही, हे इथले शिक्षकही सांगतात. तो पुढच्या इयत्तांसाठी बांधलेली पायरी आहे. शेवटच्या शालेय वर्षात मुले संगणकावर एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाज किती हलतो ते डोळ्यांनी पाहतात. या सगळ्यामागे प्रश्न, योजना, सामग्री, विश्लेषण, निष्कर्ष असे पाच टप्प्यांचे चक्र आहे. ऑकलंड विद्यापीठातील क्रिस वाइल्ड व त्यांच्या सहकारी यांनी १९९९ साली सांख्यिकीय विचारपद्धतीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे चक्र आहे. २००७ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने तर विषयाचे नावच ‘गणित आणि संख्याशास्त्र’ असे केले. आपल्या पुस्तकातले प्रकरण या चक्राच्या चौथ्या टप्प्यावर सुरू होते आणि तिथेच संपते.

हे सारे मी दादाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “तिकडच्या मुलांना पाढे तरी येतात का?” बोलणे लागले, पण खोटे नव्हते. सतरा सक किती, हे माझ्या मुलीला कागदावर मांडावे लागले आणि भाच्याने ते मान वर न करता सांगितले. न्यूझीलंडमध्ये प्राथमिक गणिताची घसरण हा मोठ्या चिंतेचा विषय आहे. २०२४ पासून रोज एक तास गणित सक्तीचे झाले आणि २०२५ पासून आठवीपर्यंतचा गणिताचा अभ्यासक्रम नव्याने लागू करण्यात आला. तेव्हा आपली मुले कमी आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पाढे पाठ असलेल्या मुलाला हे चक्र शिकवले, तर तो इथल्या मुलांच्या पुढे जाईल, अशी माझी खात्री आहे, आणि म्हणूनच चुटपुट अधिक लागते.

शिवाय हे ज्ञान आपल्याला परके आहे, असे कोणी समजू नये. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीकडे साऱ्या जगाने आदर्श म्हणून पाहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या पाहण्यांत दाखवून दिले की मोजणीसाठी शेताचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, कारण हद्दीवरची रोपे कापणारा माणूस नकळत आत धरतो आणि तुकडा जितका लहान, तितका हद्दीचा वाटा मोठा. सूतळी, चार खुंट्या आणि शाळेमागचे शेत एवढ्यावर हा धडा सातवीच्या वर्गालाही करून पाहता येईल. महालनोबिस यांच्या जन्मदिनी, २९ जूनला, आपण २००७ पासून सांख्यिकी दिन पाळतो, पण भाच्याच्या वहीपर्यंत त्यातले काही पोहोचलेले नाही.

आमच्या घरात मात्र ते एकेकाळी पोहोचले होते. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. दर तासाला पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, पाचांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या व लहान मापातला फरक आलेख कागदावर मांडायचा, आणि ठिपका वरच्या-खालच्या मर्यादारेषेच्या बाहेर गेला तरच यंत्राला हात लावायचा. वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत १९२४ साली मांडलेला हा नियंत्रण आलेख, आणि खुद्द शूहार्ट महालनोबिसांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले होते. बाबा जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, पण रेषेच्या आतल्या चढउताराला कारण शोधत बसू नये, हे ते माझ्या पदवीपेक्षा पक्के जाणतात, कारण त्यांच्या हातात नग होता. मी ज्या कार्यालयात काम करते, तिथे दर महिन्याच्या बैठकीत ‘गेल्या महिन्यापेक्षा तक्रारी का वाढल्या’ यावर तासभर चर्चा होत असे. मी दोन वर्षांचे आकडे बाबांच्या पद्धतीने मांडून दाखवले, तेव्हा बहुतेक महिने रेषांच्या आतच होते. म्हणजे कार्यालयांना नवे सॉफ्टवेअर हवे असते असे नाही. आणि हवे असलेच, तर आर ही प्रणाली रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंडमध्येच तयार केली असून ती फुकट आहे. ठाण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाला ती आज वापरता येईल. पैशाचे कारण मला पटत नाही. वेळेचे पटते, कारण साठ मुलांच्या वर्गात ज्या शिक्षिकेला मार्चपूर्वी पुस्तक संपवायचे आहे, तिला मी दूर राहून काय सांगावे? मी ठाणे सोडले नसते, तर कदाचित मीही जर्नलच तपासत राहिले असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही मुले सकाळी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसवर, म्हणजे बसच्या उंचावरच्या स्थानकावर, एक वही घेऊन उभी राहिली. दोन बसमध्ये किती वेळ जातो, ते त्यांना नोंदवायचे होते. सरासरी दहा मिनिटांनी बस असेल, तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल, असे भाच्याने आधीच सांगून टाकले होते. मग बाबांनी त्याला एक उदाहरण घातले: समज, दोन बसमधले अंतर आलटून पालटून दोन मिनिटे आणि अठरा मिनिटे आहे. सरासरी दहाच. पण स्टॉपवर अवेळी येणारा माणूस बहुतेक वेळा त्या अठरा मिनिटांच्या पोकळीतच सापडतो, आणि त्याला सरासरी आठ मिनिटांहून थोडे अधिक थांबावे लागते. भाच्याने गुणाकार तोंडी केले, ८.२ काढले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

परीक्षा झाल्यावर तो संध्याकाळच्या नोंदी घेणार आहे आणि मुलगी आमच्या इथल्या स्टॉपवरच्या. सध्या दोघांचा फोनवर वाद चालला आहे तो एकाच गोष्टीवरून: एकामागे एक लागून आलेल्या दोन बस दोन धरायच्या की एक, आणि माणसे लोंबकळत असल्यामुळे जी बस थांबलीच नाही, ती आली असे म्हणायचे का.