हातचा कुठे जातो

संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा, आणि असे करत गेल्यास शेवटी १ येतोच का, हा गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९३७ पासूनचा प्रश्न. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या संगणकाने तपासून झाल्या आहेत, तरी सिद्धता हाती आलेली नाही. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी २०१९ मध्ये 'जवळजवळ सर्व' संख्यांच्या मालिका खूप खाली उतरतात एवढे सिद्ध केले. तो 'जवळजवळ' अजून गळालेला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी माग होते, तेव्हा चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढली जाई आणि मग जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांवर उतरे: भोक असेल तर ताण्याचा (उभा) धागा उचलायचा, नसेल तर नाही. त्याच कागदावर मी या मालिका द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, मांडतो. येथे तिप्पट अधिक एक ही क्रिया फार सोपी होते; संख्येच्या शेवटी १ जोडून ती मूळ संख्येत मिळवली की झाले.

२७ पासून १ पर्यंत १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ९२३२ गाठावे लागते. मात्र खरी गंमत याच वाटेवरच्या ४१ पाशी, म्हणजे १०१००१ पाशी आहे. शेवटी १ जोडल्यावर १०१००११ होते, वरच्या ओळीतल्या रिकाम्या घरांसमोर खालच्या ओळीतले १ येतात आणि बेरीज १११११०० निघते. शेवटची शून्ये काढली (एक शून्य काढणे म्हणजे एकदा निम्मे करणे) की ३१, म्हणजे सलग पाच १. पुढे ४७, ७१, १०७, १६१ या विषम संख्या येतात, आणि शेवटच्या सलग १ ची संख्या प्रत्येक वेळी एकाने घटते: चार, तीन, दोन, एक. उजवीकडची ही शिस्त सहज सिद्ध करता येते.

डावीकडे मात्र हातचा सरकत जाऊन सारी नक्षी विस्कटतो. (१०७ च्या ओळीत मीच एक हातचा विसरलो आणि पुढच्या चार ओळी वाया गेल्या.) माझ्या मते प्रश्नाची सगळी अडचण या हातच्यातच आहे. १६१ नंतर १२१ येतो, त्यानंतर ९१, म्हणजे १०११०११, आणि त्याच्या शेवटी पुन्हा दोन १ आहेत. ते १२१ मधल्या कोणत्या चौकोनांतून आले, याचा सध्या रंगीत पेन्सिलीने माग काढतो आहे.