पाकोळी आणि चारचं चेक-इन

इंग्लंडात ट्यूक्सबरीजवळ एक हॉलिडे लेट आहे, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने देतात ते घर, तिथे मी चेंजओव्हरचं काम करते. म्हणजे शनिवारी दहाला जुने गेस्ट जातात, चारला नवे येतात आणि मधल्या वेळात चादरी, टॉवेल, बाथरूम, वूडबर्नरमधली राख सगळं एकटीने. फोटोत जागा एकदम कोझी दिसते, ओकच्या तुळया, लोकरीची पांघरुणं वगैरे, पण मुळात हे मळणीचं कोठार. समोरासमोर दोन उंच दारं, त्यातलं एक तर भरलेली गाडी आत येईल एवढं, आणि दोन्ही उघडली की मधून वारा सुटायचा त्यात धान्य उफणायचं. मालकीणबाई पहिल्या दिवशी हे समजवायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, अहो हे तर आमचं खळं, फक्त तुम्ही पावसाच्या भीतीने त्यावर छप्पर घातलंय. आता दारांच्या जागी काच आहे आणि जरा वारा आत आला की गेस्टची तक्रार येते.

तर जुलैतला शनिवार. वरच्या खोलीतला पडदा झटकला तर वाळकं पान पडल्यासारखं काहीतरी पडलं. उचलायला वाकले आणि पान हललं. पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ! अंगठ्याएवढी, पंख मिटलेली. वाईला आमच्या घरात असं काही शिरलं की आजी केरसुणी घेऊन मागे लागायची, माझाही हात आधी झाडूकडेच गेला, खोटं कशाला बोलू. पण इथे ते चालत नाही. 1981 चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट आहे, वटवाघूळ मारणं तर गुन्हाच, त्यांची राहायची जागा मोडणंही गुन्हा, मग ती तेव्हा रिकामी का असेना. म्हणून जुन्या कोठाराचं घर करायचं म्हटलं की आधी बॅट सर्व्हे होतो, आणि आमच्या इथे कौलांखाली त्यांच्यासाठी मुद्दाम फट ठेवलीय.

बॅट हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या बाई उघड्या हाताने धरू नका म्हणाल्या (रेबीजच्या जातीचा व्हायरस क्वचित असतो), बुटाच्या खोक्यात फडकं घाला, बारीक भोकं पाडा, बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा. जुलैत पिल्लं उडायला शिकतात आणि रस्ता चुकून घरात शिरतात म्हणे. मी भांडी घासायचे ग्लोव्ह्ज घालून फडक्यात धरलं, वजन काही जाणवेचना, हातात फक्त फडकंच आहे असं वाटलं.

एवढ्यात तीनलाच गेस्ट हजर! बेड अर्धा, बाथरूम ओली आणि टेबलावर खोकं. बाप्या भडकला, आम्ही प्राण्यांसोबत राहायला पैसे भरलेत का, रिफंड द्या. मला तोंडावर आलेलं की ते तुमच्या आधीपासून राहतायत, पण गिळलं आणि मालकीणबाईंना फोन जोडून दिला. गेस्टची आठेक वर्षांची पोरगी मात्र खोक्याजवळून हलेना.

संध्याकाळी एक व्हॉलंटियर काकू आल्या, पंख उलगडून बघितले, ठणठणीत आहे म्हणाल्या, अंधार पडला की इथेच सोडू. आता जुलैत इथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे मी तिथेच अडकले. मागच्या शेतातून ॲबीचा मनोरा दिसतो, 1121 साली अर्पण केलेलं चर्च, 2007 च्या पुरात चहूबाजूंनी पाणी आणि मधे हेच असा फोटो जगभर गाजला होता. सेव्हर्न आणि एव्हन या नद्या इथेच मिळतात, त्यामुळे खालची कुरणं कायम ओली आणि चिलटं विचारू नका. काकू म्हणाल्या एवढीशी पाकोळी एका रात्रीत तीन हजारांपर्यंत किडे खाते. मी मनात म्हटलं, रिव्ह्यूमध्ये डासांची तक्रार का येत नाही ते आज कळलं.

पावणेदहाला कौलांखालून एकेक सुटायला लागल्या. पोरगी इंग्रजीत मोजतेय, मी मराठीत, तिच्या सदतीस झाल्या माझ्या एकेचाळीस. खोकं भिंतीला उंच टेकवून ठेवलं, आमची पाकोळी काठावर आली, थोडी थरथरली आणि गेली, कुठे ते दोघींनाही दिसलं नाही. बाप्या तेव्हाही गाडीत बसून फोनवर होता.

घरी पोचले साडेदहाला, आणि डिकी उघडल्यावर आठवलं की ओले टॉवेल सकाळपासून तिथेच आहेत.