चार आण्याएवढी रबराची चकती

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. ओहायोत बर्फ पडायच्या आधी प्रत्येकाला गाडी एकदा लांब फिरवून आणायची असते, त्यामुळे कोलंबसच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रांग लागलेली. त्यात १९७९ची एक मोटरसायकल होती, होंडा सीएक्स ५००. मालक निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. हॉकिंग हिल्सच्या उतारांवर रेस सोडली की सायलेन्सरमधून फाड् फाड् बार उडतात, ही त्यांची तक्रार. आधीच्या मालकाने कार्ब्युरेटरवरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावरचं, प्रदूषण रोखायचं लचांड निम्मं काढलंय, उरलेलंही काढून टाक, असं त्यांचं म्हणणं.

मी लगेच हो म्हटलं नाही. सांगलीला काकांच्या गॅरेजात येझदी-राजदूतवर माझा हात बसला, आणि तिथली शिस्त अशी की आधी प्लग बघायचा. इथे दोन सिलिंडर, दोन प्लग. डावा पांढराफटक, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडतंय; उजवा काजळीने माखलेला, म्हणजे तिथे जास्त होतंय. एकाच इंजिनातून निघालेत असं वाटेना.

ही गाडी मला फार आवडते. इंजिन आडवं बसवलेलं, दोन सिलिंडरांमध्ये ८० अंशांचा कोन, आणि कार्ब्युरेटर गुडघ्यांना लागू नयेत म्हणून हेड २२ अंशांनी आत वळवलेले. ती आली १९७८ साली. अमेरिकेत मोटरसायकलच्या धुरावर पहिल्यांदा बंधन आलं तेही त्याच मॉडेल वर्षापासून: कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला १७ ग्रॅमपर्यंत, १९८०पासून १२. मग कंपन्यांनी आयडलिंगचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असतानाचं, मिश्रण पातळ केलं: पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि ते मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू फार फिरू नये म्हणून त्यावर टोप्या चिकटवल्या.

पातळ मिश्रणाची अडचण उतारावर दिसते. रेस सोडली, थ्रॉटल बंद, पण चाक इंजिनाला फिरवतच असतं. आतला व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढण्याचा जोर, वाढतो, मिश्रण इतकं पातळ होतं की सिलिंडरमध्ये पेटतच नाही. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे हवा मिळाली की बार. यावर उपाय म्हणून प्रत्येक कार्ब्युरेटरवर एक एअर कट व्हॉल्व्ह दिलेला असतो. एरवी स्प्रिंगमुळे तो उघडा राहतो आणि स्लो सर्किटला, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या वाटेला, हवा देतो. व्हॅक्यूम वाढला की रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, खेचला जातो, हवेची एक वाट बंद होते, मिश्रण घट्ट होतं आणि आतच जळतं.

कार्ब्युरेटर टेबलावर घेतले. उजव्या बाजूला व्हॉल्व्हच नव्हता, जागेवर घरी कापलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. तिने व्हॅक्यूमचं भोक बंद केलं होतं, ते ठीक. पण हवेची वाटही बुजवली होती. म्हणजे व्हॉल्व्ह कायमचा बंद असावा तशी स्थिती. काजळी आली ती इथून. डावीकडचं झाकण दोन स्क्रू काढून उघडलं. चार आण्याच्या नाण्याएवढा डायफ्राम चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरला, तर घडीपाशी केसासारखी चीर, तिच्यातून उजेड येत होता. झाकणाखालची एका बाजूने चपटी असलेली बारीक ओ-रिंग तर दगडासारखी कडक. दोन्हींतून फुकटची हवा इंजिनात शिरत होती. आयडलिंग टिकेना, म्हणून कुणीतरी स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली होती.

मालकांना बोलावून दोन्ही बाजू दाखवल्या. प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करून द्यायला इथल्या कायद्याने वर्कशॉपला मनाई आहे, हेही सांगितलं. पण खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी तो व्हॉल्व्ह काढला नसता. पट्टी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''म्हणजे मी ज्याला काढायला सांगत होतो, तोच हे बार थांबवणारा?''

दोन्हीकडे नवे डायफ्राम, स्प्रिंग आणि ओ-रिंग बसवल्या. गेज लावून दोन्ही कार्ब्युरेटरांचा व्हॅक्यूम जुळवला, आयडलिंग ११०० आरपीएमवर आणलं. पुढच्या रविवारी ते हॉकिंग हिल्सला गेले आणि एका लांब उतारानंतर रस्त्याच्या कडेला थांबून मला फोन केला. मागे इंजिन चालू होतं. ते बोलायचे थांबले, फोन गाडीजवळ नेला, आणि आम्ही दोघं ते आयडलिंग ऐकत राहिलो.