नामंजूर झालेली सत्रं

मंगळवार, रात्री ११

विमा कंपनीचं उत्तर आलं. मला बाईचं शरीर देणारं ऑपरेशन मंजूर. त्याआधी केस काढायची सत्रं नामंजूर, कारण म्हणे ती ‘कॉस्मेटिक’.

दुपारभर हाच शब्द टोचत राहिला. हे हनुवटीवरचे केस नाहीत. सर्जन जी कातडी आत वळवून योनिमार्गाचं अस्तर करणार, तिच्यावरचे आहेत. मुळापासून गेले नाहीत तर आतच वाढत राहतात, गुंता होतो, जंतुसंसर्ग होतो, आणि एकदा आत गेल्यावर ते काढणं फार अवघड. म्हणून तर डॉक्टरांनी ते काम पुरं झाल्याशिवाय तारीख देणार नाही असं बजावलंय. सगळे केस एकदम वाढीला नसतात, त्यामुळं काही आठवड्यांनी पुन्हा पुण्याला जायचं. लेसरला केसात काळा रंग लागतो. माझे काही पिकलेत, त्यांना इलेक्ट्रॉलिसिसची, म्हणजे विजेनं मूळ जाळणारी सुई, एकेका केसाला.

कंपनीला फोन केला तर पलीकडून सारखं ‘सर, सर’. मी ‘बोलतो’ म्हणाले होते. आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, माझी आजीसुद्धा. लहानपणी त्या बोलीनं मला किती सांभाळून घेतलं! घरात कुणाला वेगळं वाटलं नाही, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही.

आई भाकरी थापत होती. पत्र वाचून दाखवलं.

“ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, त्याला कोण नटणं म्हणतंय काय गं?”

तक्रारीचं पहिलं वाक्य मिळालं. खाली २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १५ जोडलं. सरकारनं करायच्या विमा योजनेत शस्त्रक्रिया आणि हार्मोनच्या जोडीला ‘लेसर थेरपी’ तिथं नाव घेऊन लिहिलीय. ते कलम सरकारसाठी आहे, खासगी कंपनीला थेट लागू होत नाही, हे कळतंय मला. पण संसदेला जो उपचार वाटला, तो यांना नटणं कसा वाटतो, एवढं तरी विचारणारच. सर्जनची चिठ्ठीही लावली. महिनाभरात नीट उत्तर आलं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत.

शनिवारी पुढचं सत्र, पहाटेची एसटी. तिकीट काढताना आई मागं येऊन उभी राहिली.

“दोन काढ. मी पण येतो.”