आमची वाटचाल : गरीब स्वभावाची कोंबडी कोणाच्या परसात?

संगमेश्वर तालुक्यात आम्ही नवरा-बायको एक दिवसाची पिल्लं आणतो, सहा आठवडे सांभाळतो आणि मग घरोघरी देतो. सुरुवातीला गिऱ्हाईक एकच विचारायचं, "वर्षाला अंडी किती?" आता आधी आम्हीच विचारतो, दाणे कोण टाकणार? म्हातारी आजी की शाळेतली पोरं? आणि घरामागे रान किती जवळ आहे?

स्वभावाने गरीब म्हणाल तर वनराजा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ही रंगीत जात. अंगाने भारी, फारशी उडत नाही. पंखाखाली हात घालून उचलली तरी कलकलाट करत नाही, पोराच्या मांडीवर खुशाल बसते. वर्षाला शंभरेक अंडी देते; गावठीची साठ-सत्तरच. पण हाच गरीबपणा रानालगत जिवावर बेततो. घारीची सावली पडली की गावठी करवंदीच्या जाळीत घुसते, वनराजा मान वाकडी करून वर बघत राहते. मुंगसाचंही तेच. म्हणून रानाकडेच्या घरांना आम्ही त्याच संस्थेची ग्रामप्रिया देतो. ती हलकी, चपळ, आणि ७२ आठवड्यांत दोनशेच्या वर अंडी देणारी. हाताला मात्र तेवढी येत नाही.

कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विचारणा खूप. पक्षी काटक, पण बुजरा. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याला आम्ही तो देत नाही. असील तर लढाऊच, दोन कोंबडे एका खुराड्यात नांदत नाहीत.

माणसाळणं जातीइतकंच हातावर असतं. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३५ अंशांची ऊब लागते. तेव्हाच आमची ही तळहातावर मक्याचा भरडा घेऊन तुसावर हात टेकवून बसते. आधी एखादंच पिल्लू चोच मारतं, मग सगळी गर्दी करतात. तशी वाढलेली पिल्लं नव्या घरी गेल्यावर खुराड्याच्या कोपऱ्यात दबून राहत नाहीत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस आणि गंबोरो या पिल्लांच्या साथरोगाची लस देऊन झाल्याशिवाय पिल्लू आम्ही दाराबाहेर काढत नाही.

वनराजा, ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे अंडी उबवायला एखादी गावठी हवीच. पुढची पिढी मात्र आईइतकी अंडी देत नाही, हे विकतानाच सांगतो. आठ-दहा माद्यांमागे एकच कोंबडा न्या. नुसती अंडी खायची असतील तर तोही नको.