हातखंब्याला उतरलेली सुप्रा

ट्रेलरच्या ड्रायव्हरने येऊन एवढंच सांगितलं, की वरच्या गाडीखालून हिरवं पाणी गळतंय, जरा बघता का? मी ताडपत्री सरकवली आणि बघतच राहिलो. टोयोटा सुप्रा. १९९३ ते २००२ या काळात निघालेली ती गोलसर पाठीची पिढी. फोटोत शेकडो वेळा पाहिलेली, हात लावायला मिळाली ती त्या दिवशी.

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला, रत्नागिरीचा रस्ता फुटतो त्याच्या जवळ माझं गॅरेज आहे. गाडी गोव्यातलं एक प्रदर्शन आटोपून मुंबईला परत चालली होती. ती बांधणारा मुलगा, तिशीच्या आतला, मागून दुसऱ्या गाडीने येत होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर आणू देत नाही, आणि ही तर फक्त सरळ पट्ट्यावर पळवायलाच बांधलेली. म्हणून प्रवास ट्रेलरवरून.

बॉनेट उघडलं. आत ते टू-जे-झेड इंजिन. ३ लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर, बिडाचा ब्लॉक, पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, सात मेन बेअरिंग. जपानात ते कंपनीतून २८० हॉर्सपॉवरचं म्हणून निघायचं. बिडाचा ब्लॉक वजनाला भारी, पण आतला दाब कितीही वाढवा, लवकर दाद देत नाही. म्हणून तर जगभरचे हौशी लोक इतकी वर्षं याच ब्लॉकवर हात चालवतात. या मुलाने मूळचे दोन लहान टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, काढून एकच मोठा बसवला होता. फोर्ज्ड पिस्टन, नवे कनेक्टिंग रॉड, मोठे इंजेक्टर, इथेनॉलचं इंधन. सिलिंडरांचा धूर एकत्र नेणारा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड त्याने स्वतः पाइपाचे तुकडे जोडून केला होता. प्रत्येक सांध्यावर वेल्डिंगचे वळ एकावर एक एकसारखे चढलेले. मी बोट फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. माझ्या उमेदीच्या काळात असं काम मला जमलं असतं का, हा विचार बराच वेळ डोक्यातून गेला नाही.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, १००० च्या वर हॉर्सपॉवर आली, असं तो आल्यावर म्हणाला. आणि तो आकडा बाहेर फुटला.

माझ्याकडच्या पोराने फोटो स्टेटसला टाकला होता. बघता बघता दारात मोटारसायकली लागल्या. रिक्षावाले आले, तिठ्यावरचे टपरीवाले आले, रत्नागिरीहून इंजिनिअरिंगची मुलं आली. पहिला प्रश्न अर्थातच, "किती देते?" पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्याने हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्या मुलानेही तो हसण्यावारी नेला नाही. म्हणाला, "दादा, हिचा हिशोब किलोमीटरवर नाय करत, पळण्यावर करतो. एका पळण्याला इतकं लागतं." आणि बोटांनी माप दाखवलं.

इंजिनिअरिंगच्या एका मुलीने नेमकं विचारलं, "हजार चाकावर की क्रँकवर?" मला फार बरं वाटलं. क्रँकवरची ताकद गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळ्यांना थोडी थोडी वाटत चाकापर्यंत जाते. वाटेत दहा-पंधरा टक्के सहज उडतात, आणि आकडा सांगणारे बरेचदा मोठा तोच सांगतात. याने चाकावरचा सांगितला, मोबाइलवर डायनोचा कागदही दाखवला. दुसऱ्या एकाने तिथल्या तिथे गणित केलं, मारुती ८०० ची साधारण ३७ हॉर्सपॉवर धरली तर ही एकटी सत्तावीस मारुती. ते ऐकून टपरीवाला पुन्हा एकदा वाकून बॉनेटमध्ये बघून आला.

मग वाद पेटला. आमच्या गावचे एक निवृत्त काका, गाड्यांचे जुने दर्दी, त्यांना हे अजिबात पटलं नव्हतं. "अशी गाडी आता पुन्हा होणार नाही. तिला आहे तशी जपायची, की कापून नवं बसवायचं?" पोरं एकदम उसळली. त्यांचं म्हणणं, कंपनीने इतकं दणकट इंजिन दिलं ते वापरायला दिलं, काचेत ठेवायला नाही. कोणी म्हणालं, मागची चाकं नुसती जागेवर फिरतील, एवढी ताकद जमिनीला लागणार कशी? हा मुद्दा खरा आहे. टायरची पकड संपली की पुढची सगळी ताकद रबर जाळण्यातच जाते. मुलाने मागचे रुंद, मऊ टायर दाखवले आणि सांगितलं, की पहिल्या गिअरात तो टर्बोचा दाब मुद्दाम कमी ठेवतो. काकांचं मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही. खरं सांगायचं तर माझंही मन त्या दिवशी दोन्हीकडे होतं.

गळती रेडिएटरची होती. ॲल्युमिनियमचा रेडिएटर, बाजूच्या टाकीला खालच्या ब्रॅकेटपाशी केसासारखी चीर. हे काम माझ्याकडचं नव्हे. आम्ही तो काढला, पाणी निथळवलं आणि मिरकरवाड्याला, बंदराजवळ आर्गॉन मारणाऱ्या, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशाने ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्या, माझ्या ओळखीच्या कारागिराकडे घेऊन गेलो.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग बघण्यासारखं असतं. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांच्या वर तापमान लागतं. लोखंडासारखा तो लालही होत नाही, वितळला की एकदम खाली बसतो. कारागिराने स्टीलच्या ब्रशने जागा पांढरी होईपर्यंत घासली, आतला कूलंटचा ओलावा गरम हवेने सुकवला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकू नये, आणि मगच ठिणगी पाडली.

तिथे एक चाचा बसले होते. मच्छीमार बोटीवर आयुष्यभर इंजिन सांभाळलेले. हजार हॉर्सपॉवर ऐकून त्यांनी टर्बो विचारला नाही, स्पीड विचारला नाही. विचारलं, "पाणी पुरतं याला?"

मुलगा चमकला. इंजिनात जळणाऱ्या इंधनातला ढोबळ एक तृतीयांश भाग चाक फिरवतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यात उतरतो. म्हणजे हजाराची ताकद काढायची तर शेकडो हॉर्सपॉवरची उष्णता बाहेर टाकायची सोय हवी. बुगाटीने २००५ मध्ये १००१ हॉर्सपॉवरची वेरॉन आणली तेव्हा तिला १० रेडिएटर लागले होते. बोटीला समुद्र असतो, गाडीला नाकासमोरची हवा.

"चाचा, ही पूर्ण जोरात दहा सेकंदच पळते," मुलगा म्हणाला.

"मग गरम होऊन नाय फुटला हा." चाचांनी रेडिएटर मांडीवर घेतला, ब्रॅकेटवर अंगठा ठेवला. "हे चेसिसला थेट बोल्ट मारलंस? आमचं इंजिन रात्रभर थरथरतं. पाइप, टाकी, सगळ्याखाली रबर. जो हलू देत नाय, तो तुटतो. तुझी गाडी पळून नाय तुटली रे बाबा, ट्रेलरवर उभी राहून तुटली."

त्या दिवशी जमलेल्या सगळ्या माणसांनी गाडीला जेवढी दाद दिली, त्यात मला हीच सगळ्यात मोठी वाटते. मुलगा खाली बसला आणि मोबाइलवर लिहून घेऊ लागला. कारागिराने पैसे कमी घेतले, चाचांनी चहा सांगितला.

संध्याकाळी रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून हवेच्या दाबाने तपासला. बुडबुडा नाही. बसवला, ब्रॅकेटखाली तात्पुरते ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घातले, कूलंट भरून हवा काढली. मग त्याने सेल्फ मारला. आयडलिंगलाच माझ्या पान्यांचा ट्रे थरथरायला लागला. एकदाच त्याने पाय दाबला, टर्बोची शिट्टी वर चढली आणि दारातली पोरं ओरडली. निवृत्त काका सगळ्यात पुढे उभे होते, हात बांधून, आणि त्यांनी इंजिन बंद होईपर्यंत मान हलवली नाही.

पुढे काही दिवसांनी त्याचा फोटो आला. नवीन ब्रॅकेट, खाली काळे रबरी बुश. मी तो दाखवायला मिरकरवाड्याला गेलो. चाचांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, नीट पाहिला आणि म्हणाले, "वरच्या बाजूला पण टाक म्हणावं त्याला."