टॅलीचा डेटा, नॅस आणि घरून काम: दहा माणसांच्या ऑफिसची मांडणी

‘नॅस घ्यायचाय, किती टीबीचा घेऊ?’ बहुतेक चौकशा इथूनच सुरू होतात (नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा डबा). त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. उद्या सकाळी ऑफिसातला सगळा डेटा गेला, तर किती दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे आणि ऑफिस किती वेळ बंद ठेवता येईल? सीए किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात एरवी दोन दिवस निभावतात. रिटर्नची मुदत तोंडावर आली की अर्धा दिवससुद्धा जड जातो. मांडणी त्या अर्ध्या दिवसासाठी करायची.

सांगली-कोल्हापूरकडचं दहा माणसांचं ऑफिस धरू. सगळ्या अशिलांचा टॅलीचा डेटा मिळून ३० जीबी. स्कॅन, पीडीएफ आणि एक्सेल धरून एकूण ४०० जीबी. एवढ्याला दोन डिस्कचा नॅस आणि ४ टीबीच्या दोन डिस्क पुष्कळ झाल्या. त्या रेड-१ (RAID 1) मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर अशा लावायच्या. वापरायला ४ टीबीच मिळतात आणि विंडोज ते ३.६ दाखवतं, त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. डिस्क सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी; एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढतात, म्हणून पुन्हा लिहिणं मंदावतं) आहे का, हे मॉडेल क्रमांकावरून तपासून घ्या. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या ‘रेड’ (Red) मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. एक डिस्क बदलून नवीन भरायची वेळ येते, तेव्हा एसएमआर डिस्क रडकुंडीला आणते. ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ घेतली की हा घोळ टळतो.

एवढं केलं म्हणजे बॅकअप झाला, असं पुष्कळांना वाटतं. रेड-१ फक्त डिस्क बिघडली तर वाचवतं. कुणी चुकून फोल्डर उडवला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो.

नॅसवर व्हॉल्यूम बनवताना फाइल सिस्टीम ‘बीटीआरएफएस’ निवडा. सिनॉलॉजीच्या नॅसवर स्नॅपशॉटची (त्या क्षणी फाइल्स जशा होत्या त्याच्या नोंदीची) सोय तिच्यावर अवलंबून आहे आणि नंतर बदलायची म्हटली तर व्हॉल्यूम पुसावा लागतो. कामाच्या वेळेत दर तासाला एक स्नॅपशॉट ठेवा. ‘सकाळची एक्सेल कुणीतरी बिघडवली’ अशा तक्रारी यातच मिटतात.

टॅलीचा चालू डेटा मात्र नॅसवर न ठेवता एसएसडी असलेल्या एका विंडोज मशीनवर ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी तिथूनच तो केबलवर वापरायचा. अर्थात त्यासाठी टॅलीचं गोल्ड लायसन्स हवं, सिल्व्हर एकाच वापरकर्त्याचं असतं. वायफायवर टॅली चालवू नका. एंट्री सेव्ह होताना वायफाय क्षणभर तुटलं तरी डेटा करप्ट होऊ शकतो आणि मग ‘रिपेअर’ करत बसावं लागतं.

केबलही एकदा तपासा. आतल्या आठपैकी चारच तारा नीट लागल्या असतील तरी नेट चालतं, पण जोडणी १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवर होते. मग फाइल सेकंदाला ११० एमबीऐवजी ११ एमबीने कॉपी होते आणि दोष नॅसच्या माथी येतो. विंडोजमध्ये अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेग दिसतो. तिथे १०० दिसलं, तर आधी कनेक्टर कापून पुन्हा क्रिम्प करा.

आता खरा बॅकअप. टॅली उघडी असताना तिचा फोल्डर नुसता कॉपी केला, तर काही फाइल्स आधीच्या क्षणाच्या आणि काही नंतरच्या येतात. असा बॅकअप वर्षभर ‘सक्सेसफुल’ दाखवतो आणि उघडायला गेलं की गडबड डोकं वर काढते. म्हणून विंडोजची शॅडो कॉपी (चालू फाइल्सची एकाच क्षणाची प्रत) वापरणारं सॉफ्टवेअर हवं. सिनॉलॉजीच्या प्लस मॉडेलांवर ‘ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस’ वेगळं लायसन्स न घेता चालतं. रात्री साडेनऊची वेळ लावा आणि निघताना टॅली बंद करायचा नियम तरीही ठेवा. बॅकअपचा फोल्डर कुठल्याही पीसीवर मॅप केलेला (ड्राइव्ह म्हणून जोडलेला) नसावा. रॅन्समवेअरला (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरला) ज्या ड्राइव्हवर लिहिता येतं, तो ड्राइव्ह ते एन्क्रिप्ट करतं. मग त्यात बॅकअप असला तरी त्याला काय फरक पडतो?

दुसरी प्रत दोन यूएसबी डिस्कवर घ्या. दर शनिवारी अदलाबदल करायची, एक ऑफिसात आणि एक बाहेर. पण बाहेर म्हणजे त्याच गल्लीतलं सरांचं घर नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा गल्लीच्या गल्ली पाण्याखाली होत्या. नॅसही तळमजल्यावर टेबलाखाली नको, वरच्या मजल्यावर किंवा उंच रॅकवर हवा.

तिसरी प्रत क्लाउडवर. कंपनी अशिलांची पुस्तकं तुमच्याकडे असतील, तर २०१४ च्या कंपनी (लेखे) नियमांतला नियम ३ पाहा. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर लागतो. त्यामुळे खातं उघडताना रीजन (सर्व्हर असलेला प्रदेश) बघून निवडा. ॲमेझॉनचा मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात. पहिल्या अपलोडचा हिशोबही आधी करा. ४०० जीबी ५० एमबीपीएस अपलोडने चढवायला कागदावरच १८ तास लागतात, प्रत्यक्षात जास्त. शनिवारी रात्री सुरू करा. रोजच्या प्रती ३०, महिन्याच्या १२ आणि वर्षाच्या ८ ठेवा. कंपन्यांना पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात.

घरून काम करण्याच्या सोयीत सर्वांत जास्त घोडचुका होतात. राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून रिमोट डेस्कटॉप (ऑफिसचा पीसी घरून चालवण्याची विंडोजची सोय) सुरू करणं, किंवा नॅसचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर टाकणं, म्हणजे दाराला कुलूप न लावता गावाला जाणं. क्यूनॅपच्या नॅसवर २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट हे रॅन्समवेअर आलं, तेव्हा फटका बसला तो इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या नॅसना.

व्हीपीएन (घरापासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटवरचा सुरक्षित बोगदा) वापरा. राउटरला ‘वायरगार्ड’ प्रकारचं व्हीपीएन येत असेल तर उत्तम. पण राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तिथे बाहेरून आयपीव्ही४ वर जोडणी होणारच नाही. मग स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा घ्या. आणखी एक खोच: ऑफिस आणि घर दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच पत्त्यांचा गट असेल, तर व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण नॅस सापडत नाही. ऑफिसचं नेटवर्क सुरुवातीलाच १९२.१६८.३७.० असं आडवळणाचं ठेवा.

व्हीपीएनवरून टॅलीचा फोल्डर मॅप करू नका. टॅली एका रिपोर्टसाठी शेकडो छोट्या वाचनांच्या फेऱ्या मारते. ऑफिसात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, घरून तीसची. डेबुक उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. त्यापेक्षा व्हीपीएनमधून ऑफिसातल्या आपापल्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने जा. त्या पीसीवर विंडोज प्रो हवं, होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जाता येत नाही. वीज जाऊन आली की पीसी आपोआप सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये तशी सेटिंग करा.

सीएंच्या ऑफिसात इथे हमखास अडकतं ते डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी टोकन). ऑफिसच्या पीसीला लावलेलं टोकन रिमोट डेस्कटॉपमध्ये दिसत नाही, कारण त्या सेशनमध्ये विंडोज समोरच्या लॅपटॉपची स्मार्टकार्डं दाखवतं. टोकन घरी लॅपटॉपला लावा, नाहीतर सहीपुरतं एनीडेस्क वापरा, ते ऑफिसच्या पीसीचा खरा पडदाच दाखवतं.

नॅसला यूपीएस लागतोच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी. नुसती बॅटरी असून भागत नाही. बॅटरी संपतेय हे नॅसला कळलं तरच तो नीट बंद होतो.

दर तीन महिन्यांनी एका अशिलाचा डेटा बॅकअपमधून दुसऱ्या पीसीवर काढून टॅलीत उघडा आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. एकदा क्लाउडच्या प्रतीवरून, एकदा यूएसबीवरून. घड्याळ लावून करा, म्हणजे त्या अर्ध्या दिवसात बसतं का ते कळेल. क्लाउडचा बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल, तर त्याची किल्लीही याच वेळी शोधून पाहा. बऱ्याच ठिकाणी ती नॅसवरच ठेवलेली सापडते. ती छापून, पासवर्डांसह पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.